मावशींचं मत

"काका, तुम्ही कडेला बसा. मावशींच्या सीटवर."

फ्रेमवाल्याने माझ्या हातात तिकीट ठेवलं आणि तो पुढे गेला. त्याचं फोटोंना चौकटी बसवून द्यायचं दुकान आहे, म्हणून सगळे त्याला फ्रेमवाला म्हणतात. माणूस भला आहे, पण हसायचं त्याच्या अगदी जिवावर येतं.

मावशी म्हणजे माझी बायको. तिला जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे.

थिएटरच्या दाराशी वज्रपथकाचं मोठं पोस्टर लावलं होतं. सहा माणसं, अंगाला घट्ट कपडे, मागे जाळ. नवीन सहा माणसं. जुनी सहा म्हातारी झाली म्हणून की काय, कंपनीने सगळी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून काढली होती. तोच पहिला सिनेमा, नवीन नट घेऊन.

"जुना बिघडला होता का?" मी दाताच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"हाच तर प्रश्न आहे, काका," त्या म्हणाल्या. "चांगल्या दाताला कुणी हात लावतं का?"

ही सगळी मंडळी माझ्या बायकोची. वज्रपथकाचा पहिला सिनेमा आला तेव्हा तिकिटाच्या रांगेत ओळख झालेली. फ्रेमवाला, डॉक्टरीणबाई, शाळेत शिकवणाऱ्या दोघी बहिणी, आणि ती. तेव्हापासून प्रत्येक भागाचा पहिला खेळ, एकच रांग. सिनेमा सुटला की कुणी चकार शब्द काढायचा नाही. बाहेर पायऱ्यांवर आलं की एकेकाने मत द्यायचं. सिनेमा धरायचा की सोडायचा, आणि का. धरला, तर तो वज्रपथकाच्या खऱ्या गोष्टीत जमा. सोडला, तर त्यात जे झालं ते झालंच नाही असं समजायचं आणि पुन्हा नाव काढायचं नाही. वयाने मोठी म्हणून शेवटचं मत तिचं. ती बोलली की वाद मिटला.

तिसरा भाग सगळ्यांनी सोडला होता. इतका वाईट होता म्हणे. ती तेवढंच म्हणाली, "आपलं पोर नापास झालं म्हणून घराबाहेर काढतो का आपण?" तिसरा भाग धरला गेला.

मीही प्रत्येक वेळी सोबत असायचो, पण झोपलेला. बेकरीची व्हॅन चालवायचो. लोक उठायच्या आत पाव दुकानांत पोचायला हवेत. त्यामुळे अंधार झाला आणि खुर्ची मऊ लागली की माझा कारभार आटोपला. ती कधी रागावली नाही. "झोपा," म्हणायची, "घोरू नका म्हणजे झालं." सिनेमा संपला की दंडाला धरून उठवायची आणि घरी जाताना व्हॅनमध्ये सगळी गोष्ट सांगायची. नुसती सांगायची नाही. सिग्नल लागला की हात पसरून करून दाखवायची. शेजारच्या गाडीतले लोक बघायचे. हिरवा दिवा लागला की मला म्हणायची, "चला, तुम्ही गाडी चालवा, मी मारामारी संपवते."

तिची आवडती म्हणजे खांब. पथकातली एक बाई. बाईचं नाव खांब कुणी ठेवतं का, असं मी म्हणायचो. कप्तान उडतो, ज्वाला पेट घेते, बाकीच्यांचंही काही ना काही आहे. खांबला फक्त उभं राहता येतं. ती एकदा उभी राहिली की तिला कुणी हलवू शकत नाही. बस्स. लोक तिला हसायचे. जुन्या सिनेमातली नटी जाडजूड होती, त्यामुळे आणखीच हसायचे.

माझी बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर. ओल्या चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, ताणायची आणि सरळ आत सोडायची. टोक वाकडं गेलं की अख्खी चादर चुरगळते. सगळा दिवस उभ्याने. रोलरच्या पुढे एक दांडी असते. बोटं आत ओढली जायला लागली की हात दांडीला लागतो आणि मशीन थांबतं. एकदा ती दांडी बिघडली. मुकादम म्हणाला, आजचा दिवस चालवा, सांभाळून. ही सरळ मशीनच्या खटक्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, बाजूला व्हा," मुकादम म्हणाला.

"होते की. आधी दांडी."

"वॉर्डातून चादरी मागतायत."

"ओल्या देऊ का?"

मोठे साहेब खाली आले. ही हलली नाही. दुपारी मेकॅनिक आला, दांडी नीट झाली, मग ही बाजूला झाली. घरी आली ती हसतच. म्हणाली, "आज मी खांब झाले." त्या दिवशी तिचा चेहरा मी बघितलाय. कप्तानाला उडताना काय वाटत असेल ते असेल, पण ते याच्याहून जास्त नसणार.

तर ही तिची जागा. फ्रेमवाल्याचा फोन आला होता. "काका, नवीन सिनेमा येतोय. मावशींची सीट तुमची. तुम्ही येणार नसलात तर दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागेल. शेवटचं मत त्या सीटचं असतं." मी लगेच हो म्हणालो. तिच्या जागेवरून कुणी तिऱ्हाइताने बोलावं हे मला सहन झालं नसतं. फोन ठेवल्यावर मात्र विचारात पडलो. मला यातलं काय कळतं? मी काहीतरी वेड्यासारखं बोललो तर लोक म्हणणार, मावशींचा नवरा हा असा.

मुलीला या सिनेमांचं वावडं आहे. तिने फोनवर सल्ला दिला, "बाबा, चांगला होता म्हणा आणि मोकळे व्हा." पण तिची आई असं कधी मोकळी झाली नव्हती.

मी झोपलो नाही. आता पाव पोचवायचे नसतात, आणि त्या दिवशी झोप येणारही नव्हती. वज्रपथकाचा सिनेमा मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण बघितला.

नवीन खांब पडद्यावर आली तेव्हा आमच्या रांगेत एक उसासा निघाला. बारीक, उंच मुलगी. धाकटी बहीण कुजबुजली, "ही खांब? ही तर काडी आहे." मोठीने तिला कोपर मारलं. मी मात्र त्या मुलीच्या पायांकडे बघत होतो. पाय चांगले रोवून उभी राहायची. मला काही वाईट वाटली नाही.

शेवटी धरण फुटायला आलं. खाली गाव. भिंतीला भेग पडली आणि खांब त्या भेगेला पाठ लावून उभी राहिली. माणसं पळाली, मुलं, म्हातारी, गाड्या, सगळं सुटलं. मग भिंत कोसळली. सगळा पडदा पांढरा झाला. नंतर पाच जण एका दगडी पुतळ्यासमोर माना खाली घालून उभे. पुतळा खांबचा. सिनेमा संपला.

मी बसूनच राहिलो. दिवे लागले तरी कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा उठलो.

पायऱ्यांवर मंडळी गोल उभी राहिली. दुपारचं ऊन तोंडावर येत होतं.

"सोडायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ज्वालाला विनोद दिलेत. ज्वाला कधी विनोद करते का?"

"धरायचा," मोठी बहीण म्हणाली, "कप्तान देखणा आहे म्हणून."

"हे कारण आहे?" धाकटी म्हणाली. "सोडायचा. काडी."

"सोडायचा," फ्रेमवाला म्हणाला. "जुन्या सिनेमाची नक्कल आहे. शेवट तर शॉटला शॉट. नक्कलच बघायची तर घरी जुना आहे."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला खरंच राग आला होता, त्यामुळे बोलता आलं.

"सोडायचा," मी म्हणालो. "त्यांनी तिला मारून टाकली."

"कुणाला?"

"खांबला. जुन्यात ती वाचते. यांनी पुतळा करून ठेवला तिचा. हे काय बरोबर नाही."

धाकटी हसली, पण मोठीने तिच्याकडे असं बघितलं की ती लगेच गप्प झाली.

"काका," फ्रेमवाला म्हणाला, "जुन्यातही ती मरते."

"नाही मरत."

"मी तो सिनेमा पाठ केलाय, काका. भिंत पडते, पडदा पांढरा, मग पुतळा."

"तुझं काहीतरी चुकतंय," मी म्हणालो. "पुतळा कसला? कप्तान तिला घ्यायला येतो. मला तिने सांगितलंय. माझी बायको खोटं बोलायची नाही."

हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. कान गरम झाले. नको तेच झालं होतं. सगळ्यांसमोर मी तिला खोटी पाडली होती.

डॉक्टरीणबाई जवळ आल्या. "काका, पहिला खेळ झाला तेव्हा मी मावशींच्या शेजारी होते. त्या शेवटाला इतक्या रडल्या की मी माझा रुमाल दिला. मग त्यांनी डोळे पुसले, तोंडावर पाणी मारून आल्या आणि मग तुम्हाला उठवलं."

मला फक्त तिने दंडाला धरलं तेवढं आठवत होतं. हात ओला होता तिचा. पाणी पिताना सांडलं असेल असं मला वाटलं होतं.

"कसा घ्यायला येतो कप्तान?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"राहू दे आता."

"नाही, सांगा. मावशींनी सांगितलं तसं सांगा."

मला तिच्यासारखे हात करता येत नाहीत. मी नुसतं सांगितलं.

"पाणी ओसरतं. सगळीकडे चिखल. कप्तान येतो, पण चालत येतो. उडत यायची लाज वाटते त्याला. बघतो तर भिंत गेलीय आणि ही तिथेच उभी. कारण आता हललं तरी चालेल, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. तो विचारतो, पाय दुखतात का गं? ती म्हणते, ते राहू दे, आधी सगळे पोचले का ते सांग. तो म्हणतो, पोचले. सगळे? सगळे. मग ती बसते. तिथेच, चिखलात. आणि म्हणते, आता दुखतात."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मोठी बहीण पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

"आणि मग पुढच्या भागांत ती का दिसत नाही?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं. "ते सांगितलं मावशींनी?"

"हो. मी विचारलं होतं, तुझी खांब कुठंय? म्हणाली, रजेवर आहे. पाय सुजलेत. साठलेली रजा आहे तिची, हक्काची. संपली की येईल."

धाकटी पुन्हा हसली. या वेळी मोठीही हसली, आणि दोघींचे डोळे भरलेले होते. फ्रेमवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

मी पोस्टरकडे बघत होतो. इतकी माणसं, इतका पैसा, इतके दिवे. सगळ्यांनी मिळून त्या बाईला मारली. एकदा नाही, दोनदा मारली. आणि माझ्या बायकोने रोज चादरी ताणून दुखणाऱ्या हातांनी, पावाचा वास येणाऱ्या व्हॅनमध्ये, घर यायच्या आत तिला वाचवली. ते लोक कोण आहेत मला माहीत नाही. पण माझी बायको त्यांच्यापेक्षा हुशार होती.

मग कान गरम राहिले नाहीत. मी ताठ उभा राहिलो.

"शेवटचं मत मावशींच्या सीटचं," फ्रेमवाला म्हणाला. "त्या सीटचं म्हणणं, खांब वाचते. मग ते धरायचं."

"अरे, पण असा सीनच नाहीये," मोठी म्हणाली.

"तिसरा भाग धरलाय आपण. त्यात तरी सीन कुठे होते?"

एवढ्या वर्षांत फ्रेमवाल्याने केलेला हा पहिला विनोद असावा. तो स्वतः हसला नाही.

आम्ही पायऱ्या उतरायला लागलो, तेवढ्यात मागून रडण्याचा आवाज आला. पाच-सहा वर्षांची एक मुलगी आईचा हात ओढत हुंदके देत होती. आई जेरीस आली होती. "अगं, सिनेमा आहे तो. खोटं असतं सगळं." मुलगी ऐकायला तयार नव्हती. "खांब मेली," एवढंच म्हणत होती.

फ्रेमवाला परत वर चढला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मेली नाही ती," तो म्हणाला. "रजेवर गेलीय."

मुलगी थांबली. "खोटं."

"मी खोटं बोलत नाही. दुकान आहे माझं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याने वळून माझ्याकडे बोट केलं. "त्या आजोबांना विचार. ते तिच्या घरचे आहेत."

मुलीने नाक पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. तिची आईही बघत होती, मंडळीही.

"पाय सुजलेत तिचे," मी म्हणालो. "म्हणून."