ग्लेनिसची कंबर आणि हिरवी बस

रेग टोल्मर आणि त्याची बायको मर्ना आमच्या कॅलिंडा गावात आली तेव्हा त्यांचा एकमेकांशी अबोला होता. आदल्या दिवशी रेगनं हट्टानं बस समुद्राकाठच्या वाळूत घातली होती. मर्ना नको नको म्हणत राहिली. चाकं रुतली ती अशी की शेवटी एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर लावून बस ओढून काढली आणि वर, "अक्कल घरी ठेवून निघालात का?" असंही विचारलं. मर्नानं त्याला लिंबूपाणी दिलं, नवऱ्याला दिलं नाही.

बस म्हणजे शाळेची जुनी बस. फ्रीज दुरुस्तीचा धंदा बंद केल्यावर रेगनं ती लिलावात उचलली, पोपटी हिरवी रंगवली, मागची बाकं काढून तिथं पलंग आणि गॅसची शेगडी बसवली, मध्ये पडदा सोडला. पुढची बाकं मात्र तशीच राहिली, कारण अर्धी खोलता खोलता त्याचा दम संपला. बसच्या कपाळावर गावांच्या नावांची जुनी गुंडाळी होती, दांडा फिरवला की पाटी बदलायची. रेगला तो खेळ फार आवडायचा. रोज सकाळी तो नवीन पाटी लावायचा. रस्त्यावरची माणसं हात दाखवायची, हा त्यांना टाटा करून पुढं जायचा. पाच आठवडे, कधी समुद्राकाठी तर कधी गव्हाच्या शेतांमधून, नवरा-बायको अशी भटकत होती.

त्या शनिवारी पाटी होती 'खास फेरी'.

आम्ही बोल्स क्लबाच्या सात बायका पांढरे स्कर्ट आणि पांढऱ्या टोप्या घालून धक्क्याजवळ उभ्या होतो. युडिंगाला सामना होता, आणि ठरवलेली गाडी काही येत नव्हती. आमची कप्तान कॉरल हिचा पारा चढला होता. तेवढ्यात तिला ती हिरवी बस दिसली. दार उघडं, आत कुणी नाही, पाटीवर 'खास फेरी'.

"आली एकदाची. रंग बघा मेल्यांचा," कॉरल म्हणाली. "चला गं, चढा."

चढलो. बसलो. खेळाच्या जड गोळ्यांच्या पिशव्या पायाशी ठेवल्या. इतक्यात रेग नळावरून पाण्याचा कॅन भरून आला. दारात थबकला. त्याच्या बसमध्ये पांढऱ्या कपड्यांतल्या सात म्हाताऱ्या बसलेल्या.

"किती उशीर हो?" कॉरल कडाडली. "दहाला सामना आहे. युडिंगाला घ्या, आणि जरा दामटा!"

दुसरा कुणीही असता तर म्हणाला असता, बाई, चुकताय. रेगनं कॅन ठेवला, टोपी सरळ केली आणि म्हणाला, "माफ करा मॅडम. रस्त्यात कांगारू होते."

बस निघाली.

पडद्यामागं मर्ना रेगचा जुना पायजमा घालून टोस्ट खात बसली होती. केसांत कर्लर. बस हलली तसा टोस्ट मांडीवर उपडा पडला आणि तिचा अबोला तिथंच संपला.

"रेग! चहा तरी होऊ दे की रे! आता कुठं खड्ड्यात घालतोयस?" असं ओरडत तिनं पडदा सारला.

आम्ही सातही जणी वळून बघितलं.

"ही कोण?" कॉरलनं विचारलं.

"कंडक्टर," रेग म्हणाला.

मर्नानं एकदा आमच्याकडं पाहिलं, एकदा नवऱ्याच्या मानेकडं. ती मान हसू दाबून थरथरत होती. पस्तीस वर्षांचा संसार. तिला काय ते लगेच कळलं. तिनं शांतपणे कर्लर चाचपले आणि म्हणाली, "तिकिटं नंतर बघते. आधी चहा कुणाकुणाला?"

चहा घेता घेता सगळा उलगडा झाला. कॉरल आधी लाल झाली, मग पांढरी, मग इतकी हसली की तिची टोपी पडली. रेगनं गाडी काही थांबवली नाही. म्हणाला, "आता निघालोच आहोत तर सोडतो. आम्हाला कुठं पोचायची घाई आहे? आम्हाला तर कुठं जायचंय हेच ठरलेलं नाही."

"ते तुझं ठरत नाही," मर्ना म्हणाली. "माझं ठरलेलं असतं."

युडिंगा जवळ आलं तसा कॉरलचा चेहरा पुन्हा उतरला. आमची आठवी खेळाडू ग्लेनिस ऐनवेळी गळाली होती. तिला क्लबात येऊन जेमतेम वर्ष झालेलं, खेळायची छान. पण युडिंगाचा सामना आला की नेमकी तिची कंबर धरायची. नोंदवलेल्या खेळाडूशिवाय दुसरी चालत नाही असा नियम. आठवी नसली की अर्धा सामना गेल्यातच जमा.

कॉरल मर्नाकडं टक लावून बघायला लागली.

"तुम्ही बोल्स खेळता?"

"कध्धीच नाही."

"हरकत नाही. ग्लेनिसला तिथल्या कुणी पाहिलेलं नाही. तुमची उंची तेवढीच आहे."

"ती चांगली खेळते का?"

"उत्तम."

"मग कळेल की हो त्यांना!"

"कंबर दुखतेय म्हणून सांगू," कॉरल म्हणाली. कॉरलकडं एक जादा पांढरा स्कर्ट कायम असतो, कारण दर सामन्याला कुणी ना कुणी अंगावर चहा सांडतंच. बस युडिंगात शिरेपर्यंत मर्नाचे कर्लर निघाले होते आणि ती ग्लेनिस झाली होती. रेग आरशातून बघून म्हणाला, "बाई, तुमचं लग्न झालंय का?"

"झालंय. पण विचार बदलू शकते."

खेळ तसा साधा. हिरवळीवर गोळा असा घरंगळवायचा की तो लांबवरच्या पिटुकल्या पांढऱ्या चेंडूपाशी जाऊन थांबावा. गोम अशी की गोळा एका अंगाला जड असतो, सरळ जातच नाही. हे मर्नाला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पहिला गोळा टाकला तो झोकांड्या देत शेजारच्या पट्टीत गेला आणि तिथं युडिंगाच्या बायकांनी मन लावून रचलेला डाव उधळून चहाच्या टेबलाखाली शिरला.

"कंबर!" कॉरल मोठ्यानं म्हणाली. "बिचारीची कंबर!"

रेग कुंपणाशी उभा राहून टाळ्या वाजवत होता.

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून एक बाई बाहेर आली. उंच, हातात कपांचा ट्रे. ती खेळाडूंच्या नावांच्या फळ्याकडं बघत उभी राहिली. फळ्यावर ग्लेनिसचं नाव होतं. तिनं ट्रे खाली ठेवला आणि हिरवळीवर, बुटांसकट, चालत आली. हिरवळीवर बाहेरचे बूट घालून येणं म्हणजे आमच्यात देवळात चपला.

"ग्लेनिस कोण?" तिनं विचारलं.

मर्नानं हात वर केला. करणार काय?

"मी ऑड्री," ती बाई म्हणाली.

मर्ना म्हणाली, "बरं."

"बरं?" ऑड्रीच्या ओठांचा कोपरा हलला. "सख्खी बहीण तीस वर्षांनी भेटते आणि तू 'बरं' म्हणतेस?"

कॉरलनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. ग्लेनिसला बहीण आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. मागाहून कळलं, त्या दोघी वाढल्या लांब मरे नदीच्या काठी. ऑड्री लग्न होऊन उत्तरेला गेली, आणि वर्षापूर्वी लेकीकडं युडिंगाला राहायला आली. आता आम्हाला ग्लेनिसच्या कंबरेचं कोडं उलगडलं.

ऑड्रीनं मर्नाचं मनगट पकडून तिला स्वयंपाकघरात नेलं. मी कप उचलायच्या निमित्तानं मागं गेले. कुणीतरी साक्षीला हवंच होतं.

ऑड्रीनं दार लावलं, मर्नाला खुर्चीत बसवलं आणि तिच्यासमोर स्पंज केकचा एक तुकडा ठेवला.

"तेव्हा जत्रेतल्या स्पर्धेत," ती म्हणाली, "माझा केक पाकिटातल्या तयार पिठाचा आहे म्हणून तू परीक्षकांना सांगितलंस."

मर्नानं तोंड भरून घास घेतला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

"तो पाकिटातलाच होता," ऑड्री म्हणाली. "मी आजवर कुणाला कबूल केलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही."

मर्नानं मान डोलावली.

"तू चुगली केलीस त्याचं काही नाही गं. पण तू आईसमोर हसलीस. सगळ्या गावासमोर हसली असतीस तरी चाललं असतं."

मी मर्नाकडं बघत होते. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा खट्याळपणा ओसरला. तिनं घास गिळला आणि अगदी हळू म्हणाली, "हसायला नको होतं. चुकलंच."

ऑड्रीनं नाक पुसलं, उरलेला केक डब्यात भरला आणि डबा मर्नाच्या हातात कोंबला. "घरी घेऊन जा. हा पाकिटातला नाही."

सामना आम्ही हरलो, हे सांगायला नकोच. ग्लेनिसच्या नावावर त्या दिवशी जो खेळ नोंदला गेला तो क्लबाच्या इतिहासात दुसरा नाही.

परतीच्या वाटेवर मर्ना बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"खाऊन टाकू," रेग म्हणाला. "पुरावा नष्ट."

"गप रे. हा आपला नाही. त्या ग्लेनिसचं घर कुठंय?"

कंबर धरलेली ग्लेनिस शिडीवर चढून छपराच्या पन्हाळीतला पाला काढत होती. हिरव्या बसमधून आम्ही सगळ्या उतरताना पाहून तिनं आधी कंबरेवर हात ठेवला, मग उशीर झालाय हे कळून काढला.

मर्ना शिडीखाली जाऊन उभी राहिली. "नमस्कार. सकाळपासून मी तुम्ही आहे."

"काय?"

"तुमच्या नावानं मी खेळले. वाईट खेळले. आणि ऑड्रीची माफी मागितली."

ग्लेनिस शिडीवरून अशी उतरली की कंबरेचा विषय कायमचा मिटला. "कुणाला विचारून मागितलीस?"

"विचारणार कुणाला? तुम्ही शिडीवर!"

"मी तिची माफी? जन्मात नाही! पीठ पाकिटातलंच होतं!"

"हो. ती म्हणालीच तसं."

ग्लेनिस जवळ आली. "काय म्हणाली? नीट सांग."

मर्नानं सांगितलं. ग्लेनिसनं ते तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. तिसऱ्यांदा सांगताना मर्ना आईसमोरच्या हसण्यापाशी आली तेव्हा ग्लेनिसनं तोंड फिरवलं आणि पन्हाळीकडं बघत राहिली. मग तिनं डबा उघडला, बोटानं केक दाबून पाहिला, एक तुकडा तोंडात टाकला.

"पाकिटातला नाही," ती म्हणाली. "लिंबू जास्त झालंय. तुम्ही दोघं उद्या कुठल्या बाजूला?"

"पश्चिमेला," रेग म्हणाला. "स्ट्रीकी बे गावाकडं."

"युडिंगा वाटेत आहे?"

"अगदी उलट्या दिशेला."

"चालेल," ग्लेनिस म्हणाली आणि पिशवी भरायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी युडिंगात काय झालं ते मर्नाकडून कळलं. ऑड्रीनं दार उघडलं, ग्लेनिसकडं पाहिलं, मागं उभ्या मर्नाकडं पाहिलं आणि म्हणाली, "ही ग्लेनिस नाही, हे तर मी कालच ओळखलं होतं."

"ओळखलं होतं?" मर्ना चाट पडली. "मग मला सगळं सांगितलंत कशाला?"

"तू ग्लेनिस नव्हतीस म्हणूनच तर सांगता आलं. आणि ग्लेनिसनं माफी मागितलेली मला एकदा ऐकायची होती. खरी ग्लेनिस तर मागणार नाही."

"नाहीच मागणार," ग्लेनिस म्हणाली. "लिंबू किती घातलंस गं?"

लिंबावरून त्या दोघी दुपारपर्यंत भांडल्या. जेवण झाल्यावर ऑड्रीनं जाहीर केलं की बस मोठी आहे, आपण दोघीही समुद्रावर जाऊ, यांना काय अडचण? मर्ना हो म्हणून बसली. रेगला कुणी विचारलंच नाही.

मग त्या चौघांनी एका निर्जन किनाऱ्यावर, वाळूच्या टेकडीच्या आडोशाला मुक्काम ठोकला. पलंग बहिणींनी घेतला. मर्ना पुढच्या बाकांवर आडवी व्हायची. रेगच्या वाट्याला बाहेरचा छोटा तंबू आला आणि तोही रोज संध्याकाळी वाऱ्यानं उडायचा. बहिणी सकाळी उठल्या की त्याच्या चहाला पाणचट म्हणायच्या, त्याचा मासेमारीचा गळ घेऊन जायच्या आणि गळाला लागलेला मासा नक्की कुणाचा यावर जेवणापर्यंत वाद घालायच्या. तो मासा तळायचा रेगनं.

चौथ्या दिवशी मर्नाचा कॉरलला फोन आला. आवाज दबका. "तुमच्या बायका घेऊन जा हो. माझा नवरा वाकडा झालाय. तंबूत मावत नाही तो."

मी आणि कॉरल तिची मोटार घेऊन गेलो. किनाऱ्यावर पोचलो तर बस नाही. लांब वर, मोठ्या रस्त्याला लागताना तिचा पोपटी ठिपका तेवढा दिसला. वाळूत दोन घडीच्या खुर्च्या, खुर्च्यांत दोघी बहिणी, मध्ये थर्मास आणि बादलीत दोन मोठे मासे.

"टाकून पळाले तुम्हाला?" कॉरल चिडून म्हणाली.

"पळाले कसले," ग्लेनिस खूश होऊन म्हणाली. "तुमची गाडी टेकडीवर दिसली तशी मीच मर्नाला सांगितलं, आता सुटा. नाहीतर ऑड्री त्यांच्याबरोबर थेट पर्थपर्यंत जाईल."

"मी?" ऑड्री म्हणाली. "पर्थचं नाव आधी कुणी काढलं?"

खुर्च्या घडी करून आम्ही मोटारीत घातल्या, बादली पायाशी ठेवली. मग पुढं कॉरलशेजारी कोण बसणार यावरून दोघींची जुंपली. समुद्राकडच्या खिडकीवर दोघींचाही हक्क. शेवटी मी पुढं बसले, त्या दोघींना मागं घातलं आणि मधोमध ती माशांची बादली ठेवली.