डोक्यावर निखारे घेणारी झाकणी

मित्रांनो, भांड्यांच्या गोष्टी निघाल्या की पातेल्याला मान मिळतो, परातीला मिळतो, अगदी पळीचंही कौतुक होतं. झाकणीला मात्र कोणी विचारत नाही. म्हणून आता मीच बोलते. मी एक जुनी तांब्याची झाकणी आहे. चांगली जाडजूड, वरून सपाट, आणि काठाला बोटभर उंच कड असलेली. ही कड शोभेची नाही. माझ्या डोक्यावर निखारे ठेवायचे, ते घरंगळू नयेत म्हणून ती आहे.

निजामाच्या राज्यात, जालन्याच्या एका तांबटाच्या दुकानात माझा जन्म झाला. तांबट फारसा बोलका नव्हता. त्याने आधी भगुनं घडवलं. आमच्याकडे पातेल्याला भगुनं म्हणतात. मग त्याच्या तोंडाचं माप घेऊन त्याने मला ठोकलं. मला भगुन्यावर बसवून गोल फिरवून पाहिलं, जिथे फट दिसली तिथे पुन्हा हातोडी चालवली, आणि आम्हा दोघांना आतून चकचकीत कल्हई केली. तेव्हापासून भगुनं आणि मी मिळून एकच वस्तू आहोत, असं मी धरून चालले होते. माणसं तसं धरत नाहीत हे मला फार पुढे कळलं.

आम्हाला अंबडच्या एका शेतकरी घराने नेलं. घर दोन भावांचं होतं. थोरले रामकिसन, त्यांची बायको चतुराबाई. धाकटे बद्रीनाथ, त्यांची बायको पुष्पाबाई. पहिली काही वर्षं मी नुसती दूध झाकायची, भात झाकायची. कडेला काही अर्थ आहे हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. ते ओळखलं पुष्पाबाईने.

पुष्पाबाईचे मामा जालन्याला एका दवाखान्याच्या मड्डमबाईंची गाडी हाकत. लहानपणी पुष्पाबाई डोळे आले म्हणून मामांकडे राहिली होती. तेव्हा मड्डमबाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसून तिने एक पदार्थ होताना पाहिला. काळपट, मऊ, थरांचा, चौकोनी तुकडे केलेला. त्यात कोको नावाची कडू भुकटी घालत. लग्न होऊन अंबडला आली तरी तो वास काही तिच्या डोक्यातून गेला नाही. मामांनी एकदा कोकोचा डबा आणून दिला आणि तिने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग ती जावेला म्हणाली की जाऊबाई, ही तर भट्टीच आहे.

घरातल्या म्हाताऱ्यांच्या, म्हणजे सासूसासऱ्यांच्या, गळ्यात तुळशीची माळ होती, म्हणून अंडं चालायचं नाही. पुष्पाबाईने आंबट दही आणि चिमूटभर सोडा घालून वेळ मारून नेली. कणीक, भरपूर तूप, गूळ आणि कोको फेटून पहिला थर भगुन्यात ओतला. खाली मंद विस्तव, वर मी, आणि माझ्या डोक्यावर बाभळीचे निखारे. तो थर धरला की त्यावर साखर घालून परतलेला खवा पसरायचा. त्यावर पुन्हा काळा थर, त्यावर चारोळी, आणि पुन्हा मी निखारे घेऊन वर बसायचं. निवल्यावर वड्या कापल्या की काळा, पांढरा, काळा असे थर दिसत. वडी इतकी जड की एक खाल्ली की माणूस दुसरीकडे हात नेई आणि मध्येच थांबे. घरात तिला थराची वडी म्हणू लागले.

कालवायचा हात पुष्पाबाईचा आणि विस्तव सांभाळायचा चतुराबाईचा. एकीवाचून दुसरीचं चालत नसे. चतुराबाईची मुलगी सोनू तेव्हा रांगत होती. पुष्पाबाईला मूल नव्हतं. सोनू तिच्याच मांडीवर जेवायची, तिच्याच कुशीत झोपायची, आणि वडी कापली की कडेची खरपूस पट्टी आधी तिलाच मिळायची. मला स्वतःला वडीची चव कधी कळली नाही. वास मात्र सगळ्यांच्या आधी मलाच यायचा, एवढ्यावर मी खूश होते.

मग म्हातारे गेले, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत बिनसलं. आज तुझी मोट जास्त चालली, काल माझी कमी चालली, असं करत गोष्ट वाटणीवर आली. पंच बसले. शेत झालं, बैल झाले, मग भांडी अंगणात मांडली. पितळ वेगळं, तांबं वेगळं, आणि तराजू आणला. तांबं तोलून वाटायचं अशी रीत होती. भगुनं रामकिसनच्या पारड्यात पडलं. बद्रीनाथचं पारडं थोडं वर राहिलं. पुंजाराम नावाचे वयस्कर पंच होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं आणि बद्रीनाथच्या पारड्यात टाकलं. काटा मधोमध आला.

"तांबं बराबर झालं," पुंजाराम म्हणाले. "आता कोणाची तक्रार न्हाई ना?"

पुरुषांपैकी कोणाची नव्हती. दाराआड उभ्या असलेल्या दोघी जावांना कोणी विचारलं नाही. मित्रांनो, माणसं वाईट नव्हती. त्यांना वजन दिसलं, एवढंच. भगुनं कशाने झाकायचं आणि झाकणी कशावर ठेवायची, हा विचार त्या अंगणात एकाही पागोट्याखाली आला नाही.

वाटणी होऊनही राग उतरला नाही. शेवटच्या दिवशी शब्दाला शब्द वाढला आणि रामकिसनने खंडोबाचा भंडारा उचलला. बद्रीनाथच्या घरच्या अन्नाचा कण माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, आला तर माझ्या लेकरावर बेतेल, असं बोलून गेले. लेकरू एकच होतं, सोनू. अंगणात मधोमध तुराट्यांची ताटी उभी राहिली. सोनू ताटीपलीकडून काकूला हाका मारायची, आणि चतुराबाई तिला हाताला धरून घरात न्यायची. शपथेला दोघी जावाही मनापासून भ्यायच्या.

माझे पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. मी रांजणावर पडून राहिले. कल्हई उडाली, आतून हिरवट डाग पडले. कोंबड्यांनी माझ्या कडेवर बसून घेतलं. ताटीपलीकडे भगुन्यावर पितळी ताट उपडं घालतात हे मला ऐकू येत असे, कारण ते नीट बसत नसे आणि वाफेने खडखड वाजे. मला वाईट वाटलं का, तर वाटलं. पण तांब्याला रडता येत नाही.

वर्षं गेली. युद्धाचे दिवस आले, साखर कंट्रोलवर मिळू लागली. सोनूचं लग्न वाटूरच्या एका घरात ठरलं. ही बातमी पुष्पाबाईला विहिरीवर कळली. ती घरी आली, मला रांजणावरून उतरवलं, चिंचेने घासलं, आणि गावात कल्हईवाला आला तेव्हा मला त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. कोणी मागितलं नव्हतं. बद्रीनाथने विचारलं की भगुनं नाही तर ही कल्हई कशाला. जिला मांडीवर वाढवलं तिच्या अंगाला हळद लागणार, आणि आपण ताटीआडून मंगलाष्टकं ऐकायची, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. लग्नाचं बोलावणं आलेलं नव्हतं आणि येणारही नव्हतं.

तिकडे सोनूने आईजवळ हट्ट धरला की रुखवतात काकूची थराची वडी पाहिजे. चतुराबाईने पुष्पाबाईला विहिरीवर गाठलं. दोघींनी मिळून शपथेचा शब्द न् शब्द तपासला. अन्नाचा कण नको. ठीक. कणीक, तूप, गूळ, खवा, सगळं रामकिसनच्या घरचं. कोकोचा डबा मामांनी जालन्याहून परस्पर चतुराबाईकडे पोचवला, पुष्पाबाईच्या उंबऱ्याला तो लागलासुद्धा नाही. राहिले मी. मी अन्न नव्हते. पुष्पाबाईने मला विहिरीवर आणलं आणि चतुराबाईने गवताच्या पाटीत घालून तिथून घरी नेलं.

हळदीच्या आदल्या दुपारी रामकिसन कामाला बाहेर गेले होते. मला भगुन्यावर ठेवलं. इतक्या वर्षांनी मी फिरून जागेवर बसले, आणि कुठेही फट नव्हती. चतुराबाईने थर ओतला आणि तिथेच ती घाबरली. विस्तव तिच्या हातचा होता, पण आतलं कधी धरतं ते तिला कळत नव्हतं. ते कायम पुष्पाबाई सांगायची. एवढ्यात ताटीच्या पलीकडून आवाज आला. पुष्पाबाई तिकडे ताटीला पाठ लावून बसली होती.

"आत्ता न्हाई, जाऊबाई. कच्चा वास येऊन राह्यला. थोडं थांबा."

वासाबद्दल शपथेत काही नव्हतं. दुपारभर ती नाकाने पाहत राहिली आणि सांगत राहिली. आता उचला, आता खवा पसरा, आता वरचे निखारे कमी करा. खालचा थर थोडा लागला, बाकी वडी पहिल्यासारखी झाली.

सांजेला रामकिसन परतले. ओट्यावर राख झटकून मला टेकवून ठेवलं होतं. त्यांनी मला लगेच ओळखलं. चतुराबाईने काही लपवलं नाही. शिधा सगळा घरचा आहे, तांबं तेवढं त्यांचं आहे, असं सरळ सांगितलं. रामकिसनने बराच वेळ शपथ मनात घोळवली. मोडलेली नव्हती. तरी ते म्हणाले की त्यांची वस्तू मांडवात नको, मी स्वतः देऊन येतो. चतुराबाईने माझ्यावर दोन वड्या ठेवल्या. लग्नघरातून भांडं रिकामं बाहेर जात नाही, ही रीत त्यांनाही मोडवेना.

असे ते मला घेऊन धाकट्या भावाच्या दारात उभे राहिले. वाटणीनंतर पहिल्यांदा. बद्रीनाथने दार उघडलं. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. बद्रीनाथने मला घेतलं आणि आत पुष्पाबाईच्या हातात दिलं. तिने एक वडी नवऱ्याला दिली, दुसरी मोडून थर पाहिले. मग तिने मला पुसलं, चुलीपाशी नेलं आणि फुललेले निखारे चिमट्याने एकेक करून माझ्यावर मांडले. थोरल्या दिराशी ती रीतीप्रमाणे कधी समोरासमोर बोलली नव्हती. आजही दाराआड राहून नवऱ्यालाच म्हणाली,

"दादांना सांगा, ही झाकणी सोनूला आमचा आहेर. आहेराचं भांडं रिकामं देत न्हाईत, म्हणून इस्तू घातलाय. इस्तू म्हंजे अन्न न्हाई. त्यांच्या शपथेला धक्का लागत न्हाई."

बद्रीनाथला काहीच सांगावं लागलं नाही. रामकिसनने उपरणं हातावर गुंडाळून मला दोन्ही हातांनी धरलं. माझ्यावर आजवर कितीतरी वेळा निखारे ठेवले गेले, पण माझ्याखाली भाजायला काही नाही असं कधी झालं नव्हतं. रामकिसन वळले आणि दोन पावलांवर थांबले. वारा सुटला होता.

"मांडव कडब्याचा हाय," ते भावाला म्हणाले. "ठिणगी उडाली तर संपलं. हिला म्हणावं, सूप आडवं धर आन चल माझ्यासंगं."

पुष्पाबाईने सूप घेतलं. डोक्यावरचा पदर सावरून, वाऱ्याकडे सूप धरून ती माझ्या बाजूने चालू लागली. बद्रीनाथ पाण्याची बादली भरून मागून निघाले. ताटीला वळसा घालून आम्ही मांडवात शिरलो. सोनू धावत आली. रामकिसनने निखारे लग्नाच्या चुलीत ओतले आणि फुंकर घालायला कोणाला न सांगता स्वतःच वाकले. धुराने डोळ्यांना पाणी आलं असं ते नंतर म्हणाले. पुष्पाबाई त्या संध्याकाळी घरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी सोनूला पहिली हळद तिने लावली.

रामकिसनने भावाच्या घरचं अन्न मरेपर्यंत खाल्लं नाही. भंडारा उचलला होता, तो त्यांनी पाळला. पण भाऊ आणि भावजय मात्र सणावाराला त्यांच्याकडे जेवत. माणसांचं असं असतं, मी त्यावर काही म्हणत नाही. त्या लग्नात भगुनंही सोनूबरोबर गेलं, आणि वाटूरच्या घरात आम्ही पुन्हा एकावर एक आहोत.

तर मित्रांनो, तांब्याच्या भांड्याला वेळेवर कल्हई करा, त्यात आंबट रात्रभर ठेवू नका, आणि झाकणी रांजणावर टाकून विसरू नका. आणि कधी घर वाटायची पाळी आलीच, तर तराजू आणण्याआधी दाराआड कोण उभं आहे ते बघा आणि त्यांना एकदा विचारा. त्या दिवशी अंगणात कोणी विचारलं असतं, तर पुष्पाबाईला मांडीवर वाढवलेल्या लेकीच्या लग्नाला डोक्यावर पदर आणि हातात सूप घेऊन, विस्तवाचं निमित्त करून यावं लागलं नसतं.