चौथा खांदा

माझ्या आजीचं, राहीबाईचं, गावात आजही कौतुक होतं. जनावरांवर पोटच्या पोरांसारखी माया करायची म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्या मायेपायी माझं ठरलेलं लग्न मोडलं, आणि आज कौतुक करणाऱ्यांच्याच घरच्यांनी तेव्हा आम्हाला विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं. म्हणून मीच सांगते.

आजी जतकडची, कानडी मुलखाच्या कडेची. गावापासून लांब, शेतातल्या वस्तीवर वाढलेली. तिची आई बाळंतपणातच गेली, म्हणून ती शेळीच्या दुधावर जगली. मेंढरं, म्हशी, कुत्री हीच तिची भावंडं. लग्न होऊन आमच्याकडे, वडूजच्या अलीकडे येरळेच्या काठी आली, तरी तिची एक खोड गेली नाही. माणसांशी मराठी बोलायची आणि जनावरांशी कानडी. तिनं "बा, बा" अशी हाक घातली की हौश्या आणि गुलब्या, आमचे दोन खिलार बैल, मान हलवत यायचे. बा म्हणजे ये. मला मात्र ती "बने, मेलीस का कुटं?" अशी हाक मारायची.

सांगायचं तर सगळंच सांगते. हौश्याच्या तोंडाचा फेस ती पदरानं पुसायची, पण अर्जुना पाणी मागायला आला की त्याच्या ओंजळीत हातभर वरून ओतायची. अर्जुना गावाबाहेरच्या वस्तीतला, तेव्हा महारवाडा म्हणत तिथला. गावात जनावर मेलं की ओढून न्यायचं, हे काम त्याच्या बापजाद्यांपासून त्यांच्या गळ्यात मारलेलं. यात काही चुकतंय असं आजीला कधी वाटलं नाही. मलाही नाही.

शेहेचाळीस साल होतं. माझे वडील पलटणीत होते, ते ब्रह्मदेशाच्या लढाईत गेले. आई त्याच्या आधीच गेली होती. घरात आम्ही दोघीच. नाथाजी म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, माझे चुलते; भावकीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी माझं लग्न विट्याला ठरवलं होतं, वैशाखात. मी सोळा वर्षांची होते आणि मला त्या लग्नाची फार हौस होती. आता हे कबूल करायला कसली लाज?

चैत्रात हौश्या पोट फुगून मेला. भर अंगणात, दारासमोर पडला.

अर्जुनाला निरोप गेला. तो आला आणि नेहमीसारखा अंगणाच्या कडेला उभा राहिला.

"आजी, मेलेलं जनावर आता आमी वढनार न्हाई. समद्या वस्तीचं ठरलंय."

"आरं, ह्यो हौश्या हाय. वासरू व्हता तवापास्नं बघतुयास तू त्येला."

"बघतुया की. लय वाईट वाटतंय. पन वढनार न्हाई."

आजीनं त्याला नको नको ते बोलून घेतलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि निघून गेला.

तेवढ्यात नाथाजी चुलते चार माणसं घेऊन आले. त्यांनी हौश्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काकी, कुनी हात लावायचा न्हाई. पडू द्या तसंच. दोन दिसांत झक मारत येत्याल. आपल्यातल्या कुनी मेल्या जनावराला हात लावला, तर त्येचं घर वाळीत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बने, इट्याचं स्थळ ध्यानात ठेव."

दोन दिवस हौश्या तिथंच पडून होता. चैत्रातलं ऊन. पहिल्या दुपारीच त्याचं अंग दुप्पट झालं. कावळे आले, कुत्री आली, भिंतीवर गिधाडं येऊन बसली. आजी हातात काठी घेऊन त्याच्या डोक्याशी बसली होती. ती जेवली नाही. आत पडवीत गुलब्यानं कडब्याला तोंड लावलं नाही. मी नाकाला पदर लावून घरात बसले होते आणि मनातल्या मनात अर्जुनाला शिव्या घालत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका कुत्र्यानं हौश्याचा कान तोडून नेला. आजी उठली. तिनं खुंटीवरचा कासरा काढला आणि हौश्याच्या मागच्या पायांना बांधला. मी म्हटलं, गुलब्याला जुंपून ओढून नेऊ, आपण हात लावायला नको.

"जोडीदाराला जोडीदार वढाय लावू व्हय गं?" ती म्हणाली. मग कासऱ्याचं दुसरं टोक माझ्यापुढे धरलं. "बने, धर."

पलीकडच्या कट्ट्यावर नाथाजी चुलते बसले होते. सगळं बघत होते. मी हात पाठीमागे घेतले.

आजी मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं एकटीनं ओढून पाहिलं, दोनदा तोंडावर पडली, हौश्या बोटभरही हलला नाही. मग तिनं कुदळ घेतली आणि त्याच्या पाठीला लागूनच खड्डा घ्यायला सुरुवात केली. खाली मुरूम होता. साठीची बाई दिवसभर खणत होती, आणि मी उंबऱ्यात बसून दिवसभर बघत होते. दिवस कलायला लागला तेव्हा तिनं हौश्याच्या अंगाखाली पहार घातली, दोन्ही हातांनी, छातीनं, डोक्यानं रेटून त्याला आत लोटलं.

"होगप्पा," म्हणाली. जा बाबा.

दुसऱ्या दिवशी अर्जुना रस्त्यानं चालला होता. आजीनं त्याला हाक मारली. तिनं राखेनं, मातीनं, लिंबाच्या पाल्यानं हात घासून घासून सोलून काढले होते.

"अर्जुना, ह्यो वास कवा जातो रं?"

अर्जुनानं तिच्या सोललेल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला ठावं न्हाई, आजी. माझ्या बाच्या हाताचा शेवटपतुर गेला न्हवता."

आजी घरात गेली. पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला. वरून ओतलं नाही, तांब्याच हातात दिला. तो तांब्याकडे बघत राहिला, मग पाणी प्यायला.

कट्ट्यावरून हेही दिसलंच. चार दिवसांत विट्याचा निरोप आला, स्थळ मोडलं. मी कासऱ्याला हात लावला नव्हता, तरी मोडायचं ते मोडलंच. भावकीनं आमचं पाणी तोडलं. विस्तव देईना कुणी, बोलेना कुणी. मी आजीला टाकून बोलले, काय वाटेल ते बोलले. बैल मेला तो मेला, माझा जन्म का पुरलास त्याच्याबरोबर, असंही म्हणाले. ती गुलब्याच्या अंगावरून हात फिरवत राहिली. त्या दिवसापासून तिची कंबर धरली होती आणि छातीत कळ यायची, ते मला दिसत होतं. मी विचारलं नाही.

भाद्रपदात एका सकाळी ती उठलीच नाही.

मी नाथाजी चुलत्यांच्या दारात गेले, पाया पडले. त्यांनी दार लावून घेतलं. आतून आवाज आला, "पडू दे तसंच."

मग मी गावाबाहेरच्या त्या वस्तीकडे गेले. जन्मात पहिल्यांदा. वस्तीच्या कडेला जाऊन उभी राहिले. पुढं जायचं कसं ते कळेना, आणि अर्जुना आमच्या अंगणाच्या कडेला कसा उभा राहायचा ते आठवून मान वर होईना. तोच बाहेर आला.

"अर्जुनादादा, आजी गेली. कुनी येत न्हाई."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आमी मेलेलं वढत न्हाई, बनुताई."

"वढाय न्हवं. खांदा द्याय."

तो आत गेला. पटका बांधून आला, बरोबर त्याचे दोन भाऊ. तिरडी मीच बांधली. घरात सुंभ नव्हतं. खुंटीवर तोच कासरा होता, तो घेतला. गाठ बसेना. अर्जुना म्हणाला, "सावकाश. म्हातारी काय पळून जात न्हाई." मला हसू आलं आणि मग रडूच आवरेना.

तिघे पुरुष होते. चौथा खांदा मी दिला. कट्ट्यावर सगळी भावकी बसली होती. बाईनं खांदा दिलेला त्या गावानं तोवर पाहिला नव्हता. पडवीतून गुलब्या एकदाच हंबरला. आता त्याला कानडीत हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

आजी फार हलकी लागली. ओढ्याकाठच्या मसणापर्यंत मी तेवढंच मनात धरून चालले. हौश्या हलका नव्हता. दोघींनी मिळून ओढला असता तरी तो हलला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं.

पण हात तरी लावायचा होता.