फाटकावरचा जड चाप

हलव्याच्या या रिकाम्या डब्यात पडलेला मी एका बंदुकीचा जुना चाप. डब्याचे झाकण केव्हाच हरवले, म्हणून मला बाहेरचे सगळे दिसते. मित्रांनो, जवळ या आणि माझे थोडे ऐका. पण हात लावण्याआधी विचारा. मी आता कोणालाही इजा करू शकत नाही, तरी विचारा.

माझा जन्म समुद्राजवळच्या एका कारखान्यात झाला. आमची बंदूक आखूड बांध्याची. तिची गोळ्यांची पेटी आणि सारे यंत्र मागे दस्त्यात, नेम धरणाऱ्याच्या गालाखाली असते. बोट मात्र पुढे असते. त्या बोटाखालच्या वाकड्या जिभेलाच लोक चाप समजतात. खरे काम करणारा चाप मागच्या डबीत, हातोडा आणि स्प्रिंगांसकट बसलेला असतो. तो मी. जिभेपासून माझ्यापर्यंत एक लांब पट्टी येते. पुढे कोणी ओढले की मला ते उशिरा कळायचे, आणि कळले तरी मी लगेच हलत नसे. मला मुद्दामच तसे घडवले होते. शिपाई धावतो, घाबरतो, थकतो. त्याच्या हातून नको तेव्हा गोळी सुटू नये म्हणून मी जड होतो. याबद्दल मला कधी कोणी शाबासकी दिली नाही.

फौजेतली वर्षे सरल्यावर आमची बंदूक गलीलच्या टेकडीवरच्या एका शेतकरी गावात आली. बदामाच्या बागा, कोंबड्यांची खुराडी आणि गावाभोवती कुंपण. फाटकावर पाळीने पहारा असे, आणि पहारेकऱ्यासाठी एक खोली. शुक्रवारची दुपार मनश्शेची. शब्बाथच्या, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या विसाव्याच्या, तयारीची ती वेळ कोणालाच नको असायची. घरोघरी भट्टीत पाव चढलेले, पोरांच्या आंघोळी चाललेल्या आणि मनश्शे मात्र खोलीपुढच्या मोडक्या खुर्चीत एकटा. तो मला दर आठवड्याला पुसायचा, तेलाचा थेंब द्यायचा. असा माणूस पुन्हा भेटला नाही.

त्याच्या आधीची पाळी ओवाद्याची. हा मनश्शेच्या बायकोचा, गेउलाचा, मोठा भाऊ. बाप लवकर गेल्यावर त्यानेच बहिणीला वाढवले होते, तिचे लग्न लावले होते. गावातल्या निम्म्या लोकांना बंदूक धरायला त्याने शिकवले होते. पण त्याला एक खोड होती. बंदूक हातात आली की त्याचे पहिले बोट आपसूक जिभेवर जाऊन बसे. चालताना, गप्पा मारताना, शिंकतानासुद्धा. मी घट्ट धरून बसायचो.

"ओवाद्या, बोट बाहेर काढ की," मनश्शे एकदा म्हणाला.

"अरे, हा चाप ओढायला बैल जुंपावा लागतो! बोट ठेवलं तर याचं काय जातंय?"

सगळे हसले. मनश्शेही हसला. मग तो विषयच निघेनासा झाला.

पुढे मनश्शे हृदयाच्या दुखण्याने गेला. त्याची शुक्रवारची पाळी गेउलाने मागून घेतली. तीच मोडकी खुर्ची, तीच वेळ. घरी बसून शब्बाथच्या दिव्यांची वाट पाहणे तिला सोसत नव्हते, हे मला तिच्या श्वासावरून कळायचे. पण बदाम फोडायच्या यंत्रात सापडून तिचे बोट अधू झाले होते, ते पुरते वाकत नसे. मला ओढताना तिचा सगळा हात थरथरे आणि बंदूक उजवीकडे कलंडे. वर्षाच्या नेमबाजीच्या परीक्षेत तिच्या गोळ्या कागदाच्या कडेला जाऊन लागल्या.

गावाच्या पहारा-पथकाचा प्रमुख यिर्मी भला माणूस. मान खाली घालून म्हणाला, "गेउलावहिनी, पुढच्या खेपेला असंच झालं तर तुमचं नाव काढावं लागेल. माझा नाइलाज आहे."

"आणि मनश्शेची खुर्ची? ती तू घरी घेऊन जाणार का?"

यिर्मीने खटपट करून वरून परवानगी आणली आणि बंदूक शोताकडे पाठवली. शोता जॉर्जियाहून आलेला, जुन्या खुराड्यात दुरुस्तीचे दुकान थाटून बसलेला. त्याने मला एकदा ओढून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"हा चाप आहे की तुरुंगाचं दार?"

त्याने मला बाहेर काढले. माझ्या जागी नवा चाप बसला. हलका, चकचकीत, शब्द पडायच्या आत काम करणारा. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मला त्याचा फार राग आला. त्याच आठवड्यात गेउलाच्या साऱ्या गोळ्या एका तळहातात मावतील इतक्या जवळ लागल्या. ती कागद छातीशी धरून रडली आणि गावाने टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा हलव्याच्या डब्यात पडलो होतो. "टाकू नका याला, असू द्या," असे म्हणून शोताने मला पहारेकऱ्याच्या खोलीतल्या फळीवर ठेवले.

जाताना त्याने सगळ्यांना बजावले, "आता बोट बाहेर. नेम धरल्याशिवाय आत नाही. हा नवा काही सांभाळून घेणार नाही."

"मला शिकवतोस होय रे?" ओवाद्या म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

पाळी बदलताना एक रीत आहे. बंदूक वाळूच्या पिंपाकडे रोखायची, गोळ्यांची पेटी काढायची, नळीचे तोंड उघडणारा खटका मागे ओढायचा आणि घेणाऱ्याने करंगळी नळीत घालून चाचपायचे. करंगळीला काही लागले नाही तरच "रिकामी" म्हणायचे. डोळा फसतो, करंगळी फसत नाही. एरवीही आमच्या बंदुका नळी रिकामी ठेवून वागवतात. गोळी आत घ्यायची ती गरज पडली तरच.

मग एका शुक्रवारी तशी गरज पडली. ओवाद्याच्या पाळीत रानडुकरांचा कळप बागेच्या कुंपणाला भिडला. त्याने गोळी आत घेतली, ओरडला, दगड मारले. डुकरे पळाली. तो खोलीकडे परत आला, हसत, स्वतःशीच बडबडत. गोळी आतच होती. बोट जिभेवर होते. इतक्यात गेउला कॉफीची किटली घेऊन दारात आली आणि वाऱ्याने लोखंडी फाटक धाडकन आपटले. तो दचकला.

बार उडाला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. पण आतापर्यंत तो मी होकार दिल्यावरच झाला होता.

गोळी दाराच्या चौकटीत घुसली. सिमेंटची कपची उडाली आणि गेउलाचा गाल कानापर्यंत चिरला. किटली पडली. गरम कॉफी उंबऱ्यावरून वाहत गेली. ओवाद्या बंदूक जमिनीवर ठेवून खाली बसला आणि बहिणीच्या गालाला स्वतःचा सदरा लावून धरला.

शब्बाथ उलटल्यावर सारे फाटकावर जमले. गेउलाच्या गालावर टाके होते.

"माझं म्हणणं पहिल्यापासून हेच होतं," एक जण म्हणाला. "एका बाईच्या बोटापायी साऱ्या गावाचा जीव टांगणीला!"

"जुना तो जुना. इतक्या वर्षांत कधी आगळीक केली का त्याने?"

यिर्मीने मला डब्यातून उचलले, फुंकर मारून धूळ उडवली. माझे कौतुक चालले होते! जन्मात पहिल्यांदाच. मी सुखावलो, हे कबूल केले पाहिजे. मग माझे लक्ष गेउलाकडे गेले. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मी परत बसलो की तिचे नाव जाणार, हे तिला ठाऊक होते. माझे सुख तिथेच विरले.

"वहिनी, तुम्ही बोला काहीतरी," यिर्मी म्हणाला.

"दादा सांगेल ते मला मान्य आहे."

एवढेच ती बोलली. चौकटीपाशी काय झाले ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पण ज्याने वाढवले त्याच्याकडे चारचौघांत बोट दाखवणे तिला जमले नाही.

यिर्मीने मला ओवाद्याच्या हातात दिले. "बघा दादा, बसवायचा ना हाच?"

ओवाद्याने मला उलटसुलट करून पाहिले. मग त्याला स्वतःचेच बोट दिसले. मला हातात घेताच ते नकळत माझ्या कडेवर येऊन दाबत बसले होते. त्याने ते बोट जणू दुसऱ्या कोणाचे असावे तसे पाहिले.

"बोट आत होतं," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"माझं बोट आत होतं. डुकरं गेल्यावर गोळी काढायचीही राहिली. नव्या चापाने बिचाऱ्याने सांगितलं तेच केलं. हा म्हातारा माझं सगळं पोटात घालत होता, म्हणून तुम्हाला इतकी वर्षं मी शहाणा वाटलो. नाव काढायचं तर माझं काढ, यिर्मी. तिचं नाही."

"दादा, अहो अर्ध्या गावाला तुम्ही शिकवलंत!"

"म्हणूनच काढ. त्यांनी माझं बघून काय उचललं असेल, देव जाणे."

कोणी हसले नाही. दोघातिघांनी हळूच आपापल्या हातांकडे पाहिले. गेउला पुढे आली. माझ्यासकट भावाचा हात तिने दोन्ही हातांत धरला. गालाच्या टाक्यांमुळे तिला नीट बोलता येत नव्हते.

"शुक्रवारी ये," ती म्हणाली. "कॉफी घेऊन ये. तूच सांडलीस."

मित्रांनो, मी पुन्हा डब्यात आलो. गेउला अजून शुक्रवारी खुर्चीत बसते आणि नवा चाप तिची पाळी राखतो. त्याच्यावर माझा आता राग नाही. मला तेल द्या, धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. एवढेच मागतो की, तुमच्या चुका सोसणारे घरात कोणी असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याच्या जोरावर बेफिकीर होऊ नका. ते सदाच तुमच्या आणि अनर्थाच्या मधे असेल असे नाही.

ओवाद्या दर शुक्रवारी किटली घेऊन येतो. बंदुकीला हात लावत नाही. चौकटीतले गोळीचे भोक त्याने बुजवू दिलेले नाही. बहिणीला पेला भरून देतो आणि स्वतःचा घेऊन उंबऱ्यावर बसतो. इथून, फळीवरून, मला त्याचा हात दिसतो. तीन बोटे आणि अंगठा पेल्याभोवती, आणि पहिले बोट सरळ, बाहेर.