मोठा खंड नको

कारंजा लाडच्या शेतमाल महासंघाकडे एक मेनफ्रेम आहे. म्हणजे कपाटाएवढा संगणक. आत काय चालतं ते कुणालाच ठाऊक नाही, अशी महासंघातली ती एकमेव वस्तू नव्हे. संचालक मंडळही आहेच.

मेनफ्रेमच्या डिस्क वैजयंती सांभाळते. डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटलेली असते आणि दर व्हॉल्यूमला एक क्रमांक लागतो; क्रमांक मोजकेच. आधीच्या लोकांनी इवलेइवले व्हॉल्यूम पाडून बहुतेक क्रमांक संपवले होते. आता हंगामाआधी मोठे व्हॉल्यूम मिळाले नाहीत तर नव्या नोंदी बंद. अध्यक्ष जगदेवभाऊंनी बजावलंच होतं, "मशीन अडली त घरी तुमी जासान, मशीन नाही."

ठराव मराठीत हवा असा नियम. कारकुनाने शब्दकोश उघडून 'व्हॉल्यूम'चा 'खंड' केला आणि सभेत वाचलं, 'येत्या हंगामासाठी मोठे खंड घ्यावेत.'

जऊळक्याचे प्रेमसिंगभाऊ ताडकन उठले. "मागच्या साली पाण्यानं मोठा खंड देल्ला, सोयाबीन उभ्या उभ्या वायलं. अन् तुमी तोच मंजूर करून राह्यले?"

"भाऊ, हा पावसाचा नाही, डिस्कचा खंड आहे," वैजयंती म्हणाली.

"कोनाचाबी असो, लहानच बरा," मेडशीच्या केशरबाई म्हणाल्या.

"लिहा," जगदेवभाऊंनी निकाल दिला. "खंड पडूच नये. पडलाच त लहान." टाळ्या पडल्या.

वैजयंतीने कारकुनाच्या हातून कागद घेतला, 'खंड' खोडून 'कोठी' लिहिलं आणि पुन्हा वाचलं, 'मोठ्या कोठ्या घ्याव्यात.'

मंडळ एकदम जागं झालं.

"मंग इतक्या कायले?" जगदेवभाऊ म्हणाले. "सगळ्यात मोठी एकच घ्या. एक दार, एक राखणदार."

एकच व्हॉल्यूम म्हणजे सगळ्या गावांच्या नोंदी एका दाराशी ताटकळणार आणि ऐन हंगामात मशीन कासवासारखी चालणार. घरी जाणं टळत नव्हतंच. पण खंड समजला नाही त्यांना रांग काय समजावणार? तिने नुसतं विचारलं, "घेऊ, भाऊ. किल्ली कोणाजवळ राहील?"

"अध्यक्षाजवळ," अध्यक्ष म्हणाले.

"काहून? मेडशीचा माल तुमच्या कुलपात?"

"अन् जऊळक्याचा? त्याले कोन विचारते?"

वर्षानुवर्षं एकत्र सहकार केलेली माणसं ती. एकमेकांना पुरती ओळखून होती. चहाच्या दोन फेऱ्या भांडण झालं आणि ठरलं की दर गावाची मोठी कोठी वेगळी, कुणी दुसऱ्याच्या कोठीला हात लावायचा नाही. वैजयंतीला शब्दशः हेच हवं होतं. तिने लगेच सह्या घेतल्या.

जगदेवभाऊ जिन्यात थांबले होते. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "आपल्या कारंज्याची जराशी मोठी ठेवजा. त्यायले सांगू नका."

कारंज्याच्या बाजाराच्या नोंदी मुळातच सगळ्यांत जास्त.

"तुमच्यासाठी एवढं करते, भाऊ," वैजयंती म्हणाली.