दगडाबाईचं गाणं

भुजंगने अँप्लिफायरची वायर उपटली तेव्हा नागनाथ दुसऱ्या कडव्यात होता. हातातली गिटार एकाएकी मुकी झाली. तो तसाच उघड्या गळ्याने गात राहिला. मानवतच्या मोंढ्याच्या बाजारात गणपतीसमोर बसलेल्या गर्दीतून पहिली चप्पल आली ती त्याच्या खांद्याला लागली.

स्टेजमागे भुजंगने त्याची कॉलर धरली. 'गोदा बीट्स' हा ऑर्केस्ट्रा दोघांनी मिळून गंगाखेडात उभा केला होता. भुजंगचे ड्रम, नागनाथची गाणी.

"नामांतराचं गाणं? इथं? उद्या कार्यक्रमाची सुपारी कोण देईल आपल्याला?"

"जाळपोळ झाली ते खोटं हाय का?"

"खरंखोटं मला सांगू नको. प्रेमाची गाणी लिही, न्हाई तर चालता हो."

नागनाथ चालता झाला.

नामांतरावरून पेटलेल्या दंगलीला तेव्हा वर्ष झालं होतं. राणीसावरगावच्या पुढच्या एका गावात बौद्धवाडा जाळला होता, आणि दगडाबाई नावाची म्हातारी जळक्या उंबऱ्यावर रडत बसल्याची चार ओळींची बातमी त्याने पेपरात वाचली होती. त्या चार ओळींवरून त्याने ते गाणं रचलं होतं.

बौद्धवाड्याच्या बाजूने गायला म्हणून घरी वडिलांनी, मन्मथअप्पांनी, पंगतीत त्याच्याशेजारचं आपलं ताट उचललं आणि दूर जाऊन बसले. पुन्हा कधी त्याच्याशी बोलले नाहीत. भुजंग गावोगाव नागनाथचीच जुनी गाणी वाजवत होता. नाव मात्र घेत नव्हता. मानवतच्या एसटी स्टँडवर एकदा दोन अनोळखी माणसांनी नागनाथला ओळखलं आणि मारायला धरलं. कंडक्टर मध्ये पडला म्हणून नुसता ओठ फुटण्यावर निभावलं.

पण परभणीच्या सभांमध्ये ते गाणं उचललं गेलं. मोर्चेकरी त्याला बोलावू लागले. गाण्यातली दगडाबाई टाहो फोडायची तिथे माणसं डोळे पुसायची. दीड वर्षात लोक त्याला 'दगडाबाईवाला' म्हणू लागले. त्या नावाचा त्याला मनातून अभिमान वाटे. मग एका फाल्गुनात, कोणी बोलावलेलं नसताना, तो साधी गिटार पाठीला लावून तिच्या गावी गेला.

गावातल्या पारावर त्याला कोणी रस्ता सांगितला नाही. वस्तीत पोचला तर तिथेही कोणी 'या' म्हटलं नाही. नव्या पत्र्यांची घरं उन्हात तापली होती. त्याने नाव सांगितलं, गाण्याचं सांगितलं. सिताराम नावाच्या गवंड्याने हातातली थापी बाजूला ठेवली नाही.

"गावातले आमाला पाणी भरू देत न्हाईत, आन् तुमी गाणं आणलं?"

"एकदा ऐका तर."

त्याने उभ्यानेच गायलं. सभेत गायचा तसंच, जीव लावून. शेवटची ओळ संपली. टाळी वाजली नाही. बायका एकमेकींकडे पाहत होत्या.

भिंतीच्या सावलीत बसलेली एक काटक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"ही रडणारी कोण?"

"दगडाबाई. तिचंच गाणं हाय, मावशी."

"मीच दगडाबाई. मी कवा रडले?"



"पेपरात आलं होतं..."

"वरवंटा घेऊन दारात हुबी होते मी. पयला आत शिरला त्याचं डोस्कं फोडलं. त्याच्यापायी म्हयनाभर जेलात होते. ते न्हाई आलं तुझ्या पेपरात?" तिचा आवाज चढला नाही. "रडणारी बाई लय आवडते तुमाला. तिला बघून तुमी रडता, आन् घरी जाता."

कोणीतरी हसलं. ते हसणं त्याला मोंढ्यातल्या चपलेपेक्षा जोरात लागलं. या गाण्यासाठी त्याने ऑर्केस्ट्रा सोडला होता, बाप गमावला होता. तेवढं तरी तिला सांगावं असं तोंडापर्यंत आलं. त्याने ते गिळलं आणि खिशातून वही काढली.

"सांगा, मावशी. बदलतो मी."

"ठिव ती." दगडाबाई परत सावलीत बसली. "घाई लय तुला. दोन वर्सं मला इचारलं न्हाई, आता लगेच लिहायलास."

त्याने वही खिशात घातली. कोणी बाज टाकली नाही, पाण्याचा तांब्याही पुढे केला नाही. तो तापल्या मातीवर मांडी घालून बसला.

"येड्यावानी मान हलवू नको," ती म्हणाली, "आन् मधी बोलू नको." आणि तिने सांगायला सुरुवात केली.