बिनहाडाचे पूर्वज

समुद्रापासून एवढ्या दूर, बेळगावच्या तांबड्या मातीत राहूनही माझ्या थोरल्या भावाच्या बोटांना खाऱ्या पाण्याचा वास येई. माघातल्या सकाळी हिंडलग्याच्या बाजूने धुके घरंगळत आले, की अण्णा खिडकीशी बसे आणि काचेची बरणी कोवळ्या उन्हासमोर धरी. तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवी आणि मी, त्याची धाकटी बहीण, त्याच्याच घरी राहत असे. बरणीत वेंगुर्ल्याच्या वाळूतून आणून स्पिरिटमध्ये ठेवलेले, करंगळीएवढे, दोन्ही टोकांना निमुळते जीव असत. डोळे नाहीत, जबडा नाही, हाड तर नाहीच. केवळ पाठीतून गेलेली एक लवचीक दोरी. तिच्याकडे पाहताना अण्णाचा चेहरा गाभाऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसासारखा निवळून जाई.

आई निपाणीच्या जैन घरातली. आडाचे पाणी ती दुपदरी फडक्यातून गाळी आणि फडक्यात अडकलेले, न दिसणारे जीव हलक्या हाताने त्याच आडात परत सोडी. वडील गेल्यावर अण्णाने तिला बेळगावला आणले, तेव्हा त्या बरण्या तिच्या दृष्टीस पडल्या.

"आई, आपल्या पाठीच्या कण्याची सुरुवात ह्यांच्यात हाय बघ," अण्णा कौतुकाने म्हणाला. "आपले पूर्वजच म्हण की."

आईने बरणीवरून हात फिरवला. "पूर्वज म्हणतोस, आन मारून आणतोस व्हय रं?"

बरण्या अण्णाने कॉलेजात नेऊन ठेवल्या आणि आईच्या पायांना हात लावून शब्द दिला, की यापुढे आणीन तर जिवंतच आणीन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहीन आणि समुद्रात परत सोडीन.

त्या शब्दाने त्याला हिवाळ्यामागून हिवाळे झिजवले. ओहोटीच्या वाळूत तो गुडघे टेकून बसे. मातीच्या घागरीत समुद्राचे पाणी भरून, तिला ओले गोणपाट गुंडाळून, मांडीवर घेऊन आंबोलीचा घाट चढे. वळणावळणावर झाकण काढून, श्वास द्यावा तसे ते पाणी हलवी. परंतु घाटमाथा येईतो ती स्फटिकासारखी अंगे दुधाळ होऊन गेलेली असत. एकही जीव बेळगावापर्यंत पोचला नाही. घागर ओट्यावर ठेवून अण्णा नुसता उभा राही, आणि आई आतूनच विचारी, "एखादं तरी जगलं का रं?" मग तो घागर अंगणात रिती करी, आणि तिला कळे. शेवटच्या खेपेला तिने विचारलेच नाही. बोचके बांधून ती मामाकडे निपाणीला निघून गेली. अण्णाच्या घरचे पाणी तिने पुन्हा तोंडात घेतले नाही.

वाळत घातलेल्या तंबाखूचा उग्र गंध निपाणीच्या हवेत साचला होता, त्या दिवसांत आईने सल्लेखना घेतली; अन्नपाणी एकेक करून सोडत मरणाकडे शांतपणे चालत जाण्याचे व्रत. माणसांची रीघ लागली. प्रत्येकापुढे हात जोडून ती क्षमा मागे आणि क्षमा देई. अण्णाने उशाशी बसून तिचा हात आपल्या कपाळाला लावला.

"आई, मलाबी क्षमा कर. आता न्हाय जाणार मी समुद्राकडं."

तिने त्याच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत राग नव्हता. माया होती, आणि तीच असह्य होती.

"माझं काय न्हाय रं बाळा तुझ्यावर," ती पुटपुटली. "पर ज्येंचा जीव गेला, त्येंची क्षमा मी कुठनं देऊ?"

तेच तिचे शेवटचे शब्द.

अण्णाने शब्द पाळला. तो शिकवीत राहिला, जेवत राहिला, केस पिकवीत राहिला. परंतु समुद्राकडे गेला नाही आणि बसदीची, आमच्या जैन मंदिराची, पायरीही चढला नाही. पर्युषण संपून क्षमेचा दिवस आला, की दारी येणाऱ्या प्रत्येकाला तो हात जोडून क्षमा करी. स्वतः मात्र कुणाकडेच मागत नसे. त्याच्या पाठीशी उभी राहून मी पाहत असे, आणि माझ्याजवळही त्याला देण्यासारखे काही नसे.

आता तोही नाही. विचारणारी गेली, ऐकणारा गेला. उत्तर ज्यांच्यापाशी होते ते वाळूतले जीव तर कंठ फुटण्याच्याही कितीतरी युगे आधीचे, मुके. माझ्या स्मरणात वर्षानुवर्षे वाढत राहते ते त्यांचे मौन.